आबांचा लॉट नंबर

आमच्या घरात चौदा हजार दोनशे बारा गाणी होती. त्यांतलं एक आमच्या आबांनी गायलेलं होतं. कोणतं, ते मला माहीत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये त्यांनी बावीस वर्षं भट्टीसमोर काढली आणि त्या भट्टीच्या जोरावर मला शिकवलं. आमच्या सात पिढ्यांत पदवी मिळवणारा मी पहिला. बी.कॉम., सेकंड क्लास! (फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला. पण आबा लोकांना सांगताना ‘सेकंड’ हा शब्द असा काही उच्चारत, की फर्स्टवाल्यालाही आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं.) पदवीनंतर मला नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत गोदामाचा क्लार्क म्हणून नोकरी लागली. दोन हजार चारच्या आसपास मी कॉम्प्युटर घेतला. तो घरी आला त्या दिवशी आबांनी अंघोळ केली, नवा टॉवेल काढला आणि त्याला पुसून काढलं. मग मायला, म्हणजे माझ्या आईला, म्हणाले, “हात नको लावू. आपला मिलिंदाच लावील.”

मिलिंदानं लावला हात! तीन महिन्यांचा कोर्स केलेला, भिंतीवर सर्टिफिकेट लावलेलं. मी गाणी जमवायला लागलो. स्टेशनसमोरच्या गाड्यावर एका सीडीत दीडशे गाणी मिळायची. मित्रांच्या सीड्या आणल्या, औरंगाबादच्या मावसभावाची अख्खी हार्ड डिस्क आणली. हिंदी, मराठी, कव्वाल्या, गझला, भीमगीतं, तमिळ, अरबी, व्यायामाचं संगीत, इंग्रजी बोलायला शिका, आणि ध्यानासाठी म्हणून देवमाशांचे आवाज! जालन्याच्या माणसाला देवमाशाशी काय घेणं? पण फुकट मिळत होता. आणि हे सगळं ऐकायला मला वेळ नव्हता, कारण जमवायचं होतं.

आता आबांच्या गाण्याचं सांगतो. आबा तरुणपणी आष्टीला असताना सखारामकाकांच्या गायन पार्टीत होते. पण गायक म्हणून नाही. काका पुढे बसून गायचे आणि आबा मागे बसून टाळी द्यायचे, कडव्याची शेवटची ओळ उचलायचे. कोरस! फक्त एकदा, एका लग्नात काकांचा आवाज बसला आणि त्यांनी आबांना पुढे ढकललं. आबा आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं पुढे बसून गायले, आणि नवरदेवाच्या भावानं ते टेप केलं. ती कॅसेट आबांनी पंचवीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात आणि डबा ट्रंकेत अशी जपली होती.

मी म्हणालो, “आबा, हे आता कॉम्प्युटरमध्ये घेऊन टाकू. कायमचं काम!”

टेप आणि कॉम्प्युटर जोडायची वायर मिळाली नाही. मग मी टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला माईक धरला. पंखा बंद केला. रेखाला, म्हणजे माझ्या बायकोला, कुकर लावू दिला नाही. मायला बाहेरच्या ओट्यावर बसवलं. आबा तेवढे खोलीत राहिले, स्वतःच्याच आवाजासमोर, परीक्षेला बसल्यासारखे हात मांडीवर ठेवून. रेकॉर्डिंग झालं. नीट आलं का ते बघायला मी सुरुवातीची दोन सेकंदं ऐकली, खरखर आली, म्हटलं, झालं काम! पुढचं ऐकायचं राहिलं. मला एक सीडी परत करायची होती.

नंतर आबा दोन-तीनदा म्हणाले, “ते गाणं लाव की एखाद्या वक्ती.”

“लावतो ना आबा. रविवारी.”

तो रविवार काही आला नाही. पण भंगारवाला आला. मी त्याला घरातल्या सगळ्या कॅसेटी देऊन प्लॅस्टिकचा एक निळा टब घेतला. माय म्हणाली, “ती एक तं राहू दे रे.” मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवून म्हणालो, “माय, आता जमाना डिजिटल झाला!” आबांनी टब वाजवून पाहिला आणि म्हणाले, “मजबूत हाय.”

त्यांचा माझ्यावर भरवसा होता. मी शिकलेला होतो ना!

शिकलेल्या माणसानं पुढे काय केलं ते ऐका. आमच्या कंपनीत कोणत्याही पोत्यावर वाणाचं लांबलचक नाव लिहीत नसत. पोत्यावर फक्त लॉट नंबर, आणि कोणत्या नंबरात काय, ते लाल कापडाच्या बांधणीच्या रजिस्टरात. ही पद्धत मला इतकी आवडायची, की मी ती गाण्यांना लावली. प्रत्येक गाण्याचं नाव पुसून नंबर दिला. एक ते चौदा हजार दोनशे बारा! आठ महिने हे काम चाललं. नावं लिहिली रजिस्टरात. रजिस्टर कंपनीतलंच, लाल कापडाचं, आणि ते मी ठेवलं कंपनीतल्याच कपाटात, कारण जेवणाच्या सुट्टीत बसून लिहायला तेच सोयीचं पडायचं.

आमच्याकडे दरवर्षी मुदत संपलेलं बियाणं आणि जुनी रजिस्टरं गोदामामागच्या खड्ड्यात जाळत. त्या वर्षी शिपायानं कपाटातली सगळी लाल रजिस्टरं उचलली. मी स्वतः खड्ड्यापाशी उभा होतो. एक रजिस्टर नीट पेटत नव्हतं, ते मी काडीनं उलटंपालटं केलं. नंतर कागदावर लिहिलं, ‘वरील सर्व रजिस्टरे माझ्यासमक्ष नष्ट करण्यात आली’, आणि झोकात सही ठोकली.

आठवड्यानं लक्षात आलं, की मी काडीनं काय उलटंपालटं केलं होतं. तरी मला फारसं वाईट वाटलं नाही. गाणी तर होती ना! नावात काय एवढं?

त्याच साली थंडीत आबा गेले. छातीचा जुना खोकला, बावीस वर्षांची भट्टी. दवाखान्यात आठच दिवस होते. बोलायला त्रास व्हायचा, तरी नर्सला सांगत होते, “हा माहा पोरगा. सेकंड क्लास.”

आबांचा घरात एकच फोटो होता, मिलच्या गेटपासवरचा. त्यात ते कोणावर तरी रागावलेले दिसत. (ते कधीच कोणावर रागावत नसत. फोटोवाल्यानं हलू नका म्हणून सांगितलं होतं.) माय तो फोटो हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. म्हणायची, “हे न्हाई ते.”

पहिल्या स्मृतिदिनाला तीन महिने होते तेव्हा ती म्हणाली, “मिलिंदा, त्या दिवशी तुह्या आबाचं गाणं लाव बरं का. भंतेजी येतील, आष्टीवरून सखाराम भाऊजी येतील. समद्यांना ऐकू दे. मला बी लई दिस झाले त्यांचा आवाज ऐकून.”

मी म्हणालो, “हो माय, लावतो की,” आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसलो. समोर नंबर. नंबरांखाली नंबर. मध्यंतरी व्हायरस आला म्हणून मेकॅनिकनं सगळं काढून पुन्हा भरलं होतं, त्यामुळे तारखाही सगळ्यांच्या एकच. मी नुसतेच नंबर वरखाली करत राहिलो.

“काय झालं?” रेखानं विचारलं. मी सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. मग शांतपणे म्हणाली, “तुम्ही शेवटून लावून बघा न.”

“असं शेवटून नसतं लावायचं! सिस्टीम असते एक,” मी म्हणालो. आणि मनात वेगळंच होतं. मला वाटत होतं, आबांना मी नक्कीच पहिल्या पन्नासात ठेवलं असेल. मुलगा आहे मी त्यांचा!

पहिल्या पन्नासात नव्हते. पहिल्या पाचशेतही नव्हते. मी दोन-दोन सेकंद ऐकून पुढे पळत होतो, तेवढ्यात माय मागे येऊन बसली आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला.

“काहून तोडून राह्यला रे?”

“माय, चौदा हजार आहेत. आबांचं नाही दिसलं की पुढं जायचं.”

“तुहे आबा काय म्हणायचे? गाणाऱ्याला अर्ध्यात तोडू नये. त्याच्या जिवाला लागतं.”

“अगं, हा गाणारा इथं नाही. सीडी आहे ती!”

“त्याचा आवाज तं हाय न? मंग!”

हा आबांचा नियम होता खरा. पार्टीत कोणी कितीही बेसूर गायला तरी ते शेवटची ओळ उचलूनच थांबायचे. मी हिशोब मांडला. अख्खं गाणं ऐकायचं तर दिवसाला तीन तास बसून तेरा महिने लागणार होते. भंतेजींना एवढं थांबवता आलं नसतं. दोन दिवस वाटाघाटी होऊन माय एका कडव्यावर आली. एक कडवं म्हणजे मिनिटभर. एकोणऐंशी दिवस. जमत होतं!

सकाळी ड्यूटीच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, मधलं लोडशेडिंग चुकवून, आम्ही बसायला लागलो. मी माऊस धरून, माय मागे पाटावर. तिनं प्रत्येक गाण्याला एक चिंचोका डब्यात टाकायचा, असं तिचं तिनंच ठरवलं. रजिस्टरावर तिचा विश्वास उरला नव्हता. हळूहळू शेजारच्या बाया लसूण सोलायला येऊन बसू लागल्या. पलीकडचे रशीदचाचा, ऑटो चालवायचे, ते तर खिडकीतून भांडायला लागले.

“अरे मिलिंद, वो कल वाला गाना आधेच में काट दिया रे तू! रात भर मेरेकू नींद नै आई. आगे क्या हुआ उसका?”

“चाचा, मला माहीत नाही.”

“तेरे घर का गाना, और तेरेकूच मालूम नै?”

खरंच माहीत नव्हतं. चौदा हजारांतली चौदाशेसुद्धा मी कधी ऐकली नव्हती. एका तमिळ गाण्यावर माय डोळे मिटून बसली आणि म्हणाली, “ह्याचं कोणी गेलेलं हाय.” मी म्हणालो, “माय, हा सिनेमातला आहे, बागेत नाचतोय.” ती म्हणाली, “नाचू दे. गेलेलं हाय.”

नवव्या दिवशी संध्याकाळी माय एकदम म्हणाली, “ही बाई परवा बी रडली होती.”

“दुसरी असेल.”

“तीच ही. आता बघ, इथं हुंदका देती.”

बाईनं बरोबर तिथं हुंदका दिला! मी घाबरून स्क्रीनकडे पाहिलं. खाली कोपऱ्यात एक छोटं बटण दाबलेलं होतं. गाणी क्रमानं न लावता कॉम्प्युटरच्या मर्जीनं कुठूनही उचलून लावायचं बटण! नऊ दिवस आम्ही रांगेत नाही, गर्दीत फिरत होतो. काय ऐकलं, काय राहिलं, काही कळायला मार्ग नाही. मायनं डब्यातले सोळाशेच्या वर चिंचोके परातीत ओतले.

“तू बी.कॉम. हायस न रे?” तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच खात्री करून घ्यायची होती.

“शेवटून लावून बघा,” रेखा आतून म्हणाली.

“सिस्टीम असते!” मी ओरडलो आणि एक नंबरपासून पुन्हा सुरू केलं.

पुढचे ऐंशी दिवस कसे गेले ते सांगत नाही. माझं वजन कमी झालं. गोदामात पोती मोजताना मी प्रत्येक पोत्यापाशी मिनिटभर थांबायला लागलो. रशीदचाचांनी मला न विचारता दोन गाणी पूर्ण लावून घेतली. एकदा मी हिंमत करून म्हणालो, “माय, नाही सापडलं तर सखारामकाकाच म्हणतील आबांचं गाणं.” ती म्हणाली, “ते तं रोजच म्हणतात. तुह्या आबानं एकदाच म्हणलं.” आणि पुढचा चिंचोका हातात धरून बसली.

आदल्या दिवशी संध्याकाळी दारात मंडप घालून झाला होता. उरल्या होत्या शेवटच्या तीस-चाळीस फायली. रजिस्टरात त्यांचा वेगळा विभाग होता, ते मला आत्ता आठवलं. कंपनीत कोणत्याच वाणात न बसणारं बियाणं ज्या सदरात टाकत, ते सदर. ‘इतर’.

देवमासा लागला. माय म्हणाली, “ह्याचं पोट दुखून राह्यलं.” व्यायामाची बाई लागली, ‘वन, टू, थ्री, फोर’ म्हणत. माय म्हणाली, “ही नुसतेच आकडे म्हणून राह्यली. हिचं बी रजिस्टर जळलं वाटतं.” मग चौदा हजार दोनशे आठ. टेपची खरखर आली. आणि कोणीतरी खोकलं.

माय ताडकन उठली. डब्यातले चिंचोके घरभर! “हेच! हेच ते! थांब!”

आणि लाईट गेली.

अंधारात आम्ही तिघं उभे होतो. मग माय हळूच म्हणाली, “पर हा खोकला तं मिलमधला हाय रे. त्या लग्नाच्या वक्ती त्यांना खोकला न्हवता.”

मी ऐकलं, पण लक्ष दिलं नाही. मी माझ्याच विचारात होतो. देवमासा आणि ‘इंग्रजी बोलायला शिका’ यांच्या मधे मी माझ्या बापाला ठेवलं होतं. इतर!

दुसऱ्या दिवशी जनरेटर आणला. खिडकीतून वायर काढून कॉम्प्युटर थेट कर्ण्याला जोडला. भंतेजींनी वंदना घेतली, धम्मावर दोन शब्द बोलले. सगळी गल्ली बसलेली. सखारामकाका पांढऱ्या सदऱ्यात पुढे. नव्वद दिवसांची तपश्चर्या फळाला आली होती, म्हणून मी माईकवर छोटंसं भाषणही केलं. आधुनिक तंत्रज्ञानामुळे आपण आपल्या माणसांना कायमचं जपू शकतो, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. मी बटण दाबलं.

खरखर. खोकला. मग बाजाचे सूर आणि त्यावर आबांचा आवाज. तरुण, मोकळा, भट्टी लागायच्या आधीचा. पहिलं कडवं संपत आलं आणि सखारामकाकांनी, ज्यांनी जन्मभर पुढे बसून गायलं, मांडीवर टाळी देत शेवटची ओळ उचलली. कोरस! मायनं पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात कर्ण्यातून दुसरा आवाज आला. जवळून, घोगरा, म्हातारा.

“हे बघ, इथं सखारामनं मला मागून चिमटा घेतल्ता. म्हणून सूर वर गेला!”

आबा! माझ्या खोलीतले, माईकशेजारी बसलेले आबा! मंडपात हशा पिकला. काका ओरडले, “घेतल्ता! घेतल्ता चिमटा!” माय हसत होती, रडत होती, दोन्ही. आणि मग सगळ्या गल्लीनं ऐकलं,

“आबा, गप बसा न! रेकॉर्ड होऊन राह्यलं!”

हा मी.

“बरं बरं,” आबा म्हणाले.

लोक माझ्याकडे बघून आणखी हसले. मीही हसल्यासारखं केलं. दुसरं कडवं सुरू झालं.

“टाळी कमी पडून राह्यली न मागं? मीच समोर होतो, मंग टाळी कोण देणार?”

“आबा!”

“बरं बरं.”

आता हसणारे कमी झाले होते. तिसरं कडवं आलं. आबांचा आवाज आणखी जवळ आला, हळू झाला. माझ्याकडे वाकले असावेत.

“मिलिंदा, एक सांगू का? हे कडवं म्हणताना तुही माय तिकडं बायांमधी बसल्ती. अन् मी तिच्याकडं बघलं, तं तिनं—”

“आबा, किती येळा सांगू? बिलकुल गप बसा!”

‘बरं बरं’ आलं नाही. त्यानंतर फक्त गाणं. आबा शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांना सांगितलेलं ते ऐकायचे. गाणं संपलं, त्या जुन्या लग्नातल्या टाळ्या वाजल्या, आणि आमच्या मंडपात कोणीही टाळी वाजवली नाही. जनरेटर तेवढा घरघरत होता.

लोक पांगल्यावर माय जवळ आली. मला वाटलं, रागावेल. पण तिनं फक्त विचारलं, “तिनं काय? पुढं काय म्हणले ते?”

“नाही आठवत, माय.” खरंच आठवत नव्हतं. मी तेव्हा आबांकडे बघतच नव्हतो, कॉम्प्युटरवरच्या हिरव्या रेषेकडे बघत होतो. “तुला नाही का माहीत? तू काय केलं होतंस?”

“मला काय म्हाईत? मी तं तुला मांडीवर थापटून राह्यलते.”

याला आता बरीच वर्षं झाली. बाकीची गाणी त्या हार्ड डिस्कबरोबर गेली, मी पुन्हा जमवली नाहीत. ते एक गाणं मात्र चार सीड्या, दोन पेन ड्राईव्ह आणि घरातल्या प्रत्येक मोबाईलवर आहे. त्याला नंबर नाही, ‘आबा’ असं नाव आहे. माय ते लावून घेते आणि त्या अर्ध्या वाक्यापाशी आली, की स्वतःच ते पुरं करते. कधी म्हणते, “मी हसले असंल.” कधी म्हणते, “पदर सावरला असंल.” परवा म्हणाली, “झोपले असंल मी, दुसरं काय!” आणि एकटीच कितीतरी वेळ हसत राहिली. गाणाऱ्याला अर्ध्यात तोडू नये, हे ती मला पुन्हा कधीही म्हणाली नाही.

संध्याकाळी ती निळ्या टबात पाय सोडून बसते आणि आबांच्या गोष्टी सांगते. मी मधेच काही विचारायला गेलो, तारीख, साल, गावाचं नाव, की हात वर करून म्हणते, “गप बस. रेकॉर्ड होऊन राह्यलं.”

मी ‘बरं बरं’ म्हणतो आणि गप बसतो. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढं शिकायला चौदा हजार दोनशे आठ गाणी लागली!